वाईट वर्षाची रेषा

ॲडलेडच्या उत्तरेला साधारण साडेसहाशे किलोमीटरवर फरिना नावाचं ओसाड गाव आहे. फरिना हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ पीठ. १८७८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने इथे गावठाण आखलं, तेव्हा हा मुलूख गव्हाचं कोठार होणार अशी सगळ्यांची खात्री होती. म्हणून जुनं नाव टाकून हे नवं ठेवलं. चार वर्षांनी रेल्वेही आली. गहू मात्र आला नाही. आज तिथे छप्पर गेलेल्या दगडी भिंती उभ्या आहेत, भोवती सपाट माळरान आहे आणि वर्षाचा सरासरी पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत आहे.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तेरा वर्षं आधी त्याच सरकारच्या महासर्वेक्षकाने, जॉर्ज गोयडरने, नकाशावर एक रेषा काढून दिली होती. रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला पेरू नका, इतका तिचा अर्थ सरळ होता. फरिना त्या रेषेच्या कितीतरी उत्तरेला येतं.

गोयडरने ही रेषा काढली कशी, हे नीट पाहण्यासारखं आहे. १८६४-६५ च्या दुष्काळात मेंढपाळांनी भाडेपट्ट्यात सूट मागितली. सूट कुणाला द्यायची हे ठरवायला गोयडर घोड्यावरून सुमारे तीन हजार किलोमीटर फिरला. पर्जन्यमापकं थोडी होती, त्यांच्या नोंदी त्याहून थोड्या. म्हणून त्याने झाडं वाचली. मॅली ही बुंध्यापासून अनेक फांद्या फुटणारी निलगिरीची जात जिथे संपते आणि सॉल्टबुशची राखाडी, खुरटी झुडपं सुरू होतात, तिथे त्याने रेघ ओढली. पर्जन्यमापक यंदा किती पडला ते सांगतो. शंभर वर्षांत सर्वांत वाईट काय झालं हे झाडाला ठाऊक असतं, कारण त्या वर्षी जे मेलं ते आज तिथे नाही. पुढे नोंदी जमल्यावर दिसलं की ही रेषा ढोबळमानाने अडीचशे ते तीनशे मिलिमीटर पावसाच्या रेषेवरून जाते.

१८७२ साली रेषा कायद्यात आली: तिच्या दक्षिणेचीच जमीन शेतीसाठी उधारीवर विकायची. मग दोन-तीन वर्षं पाऊस चांगला झाला, रेषेच्या उत्तरेला गहू डोलू लागला, गोयडरची टिंगल सुरू झाली आणि १८७४ मध्ये बंधन उठलं. नांगरामागे पाऊस चालत येतो, जमीन फोडली की हवामानच बदलतं, असं म्हणणारे लोक होते आणि ते अडाणी नव्हते. १८८० पासून सलग कोरडी वर्षं आली. शेतकरी कर्जासकट परत फिरले. क्वॉर्न आणि हॉकरच्या परिसरात त्यांच्या घरांचे सांगाडे अजून उभे आहेत.

एखाद्या खंडाचे प्रदेश सरासरीने आखायचे की वाईट वर्षाने, हा इथला खरा प्रश्न आहे. शाळेच्या भूगोलात आपण सरासरीने आखतो: इतका पाऊस, इतकं तापमान, म्हणून हे पीक. सरकारी योजना, बँकांचं कर्ज, कारखान्यांचे परवाने, सगळं याच हिशेबाने चालतं. माझं म्हणणं असं की कोरड्या मुलखात सरासरी हा फसवा आकडा आहे. तिथला प्रदेश ठरतो दहातल्या दोन-तीन वाईट वर्षांवर, आणि त्या वर्षांचा भार कोण उचलणार याचं उत्तर आधी लिहून ठेवलेलं आहे की नाही यावर. ऑस्ट्रेलियाने हे दीडशे वर्षं मार खाऊन शिकलं. अर्धंच शिकलं, तरी आपल्यापेक्षा जास्त.

खंडाची घडणच तशी आहे. ऑस्ट्रेलियाची सरासरी उंची जेमतेम ३३० मीटर, सर्वांत उंच शिखर कॉशियस्को २,२२८ मीटर. पूर्व किनाऱ्याला समांतर ग्रेट डिव्हायडिंग रेंज सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पसरली आहे आणि समुद्रावरून येणारा बहुतेक ओलावा ती किनाऱ्याकडेच उतरवून घेते. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या टलीत वर्षाला चार हजार मिलिमीटर पाऊस होतो. डोंगराच्या मागे पश्चिमेला जावं तसतसा तो शेकड्यांवर येतो. महाबळेश्वर आणि माण तालुका यांतलं अंतर ज्यांना माहीत आहे त्यांना पर्जन्यछाया समजावून सांगायला नको. फरक असा की इथे डोंगरामागे ढग घेऊन येणारा मान्सून नाही आणि उन्हाळ्यात वितळून नद्या भरणारा हिमालयही नाही. त्यात खंडाचा मधला भाग नेमका अशा पट्ट्याखाली येतो जिथे हवा वरून खाली उतरत असते. उतरणारी हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ढग धरत नाही. मातीही म्हातारी. हिमनद्यांनी खडक दळून किंवा ज्वालामुखींनी राख टाकून ती अलीकडे ताजी केलेली नाही, त्यामुळे फॉस्फरस धुऊन गेलेला. सुपरफॉस्फेटचं खत टाकल्याशिवाय बऱ्याच भागात गहू उभा राहत नाही.

पण पावसाच्या कमतरतेपेक्षा त्याचा लहरीपणा जास्त छळतो. नदीच्या सर्वांत भरलेल्या वर्षाचा प्रवाह सर्वांत कोरड्या वर्षाच्या किती पट, असा एक आकडा जलतज्ज्ञ काढतात. युरोपातल्या राइनसाठी तो सुमारे दोन येतो. मरे नदीसाठी पंधराच्या वर. डार्लिंगसाठी चार हजार सातशेच्या वर! अशा नदीच्या ‘सरासरी’ प्रवाहावर कालवा काढणं म्हणजे जुगाऱ्याच्या सरासरी कमाईवर घराचा हप्ता बांधण्यासारखं आहे. या लहरीचं मूळ समुद्रात आहे, आणि तिथे आपलं-त्यांचं नातं जवळचं आहे. एल निनो म्हणजे मध्य आणि पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापणं. २००२ च्या एल निनोत भारतात मान्सून एकोणीस टक्के कमी पडला आणि ऑस्ट्रेलियातही तीव्र दुष्काळ होता. हिंदी महासागराचा डायपोल, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक, मात्र उलटा खेळतो: तो जोरात धन (पश्चिम भाग जास्त तापलेला) असताना, २०१९ मध्ये, भारताचा मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला आणि ऑस्ट्रेलियाने नोंदीतलं सर्वांत कोरडं वर्ष पाहिलं, अख्ख्या खंडावर सरासरी २७७ मिलिमीटर.

यावर नेहमीचं उत्तर येतं: पाणी आणा, प्रश्न मिटेल. त्याचा खरा कस लागला तो पश्चिम ऑस्ट्रेलियात. कलगुर्लीला १८९३ मध्ये सोनं सापडलं आणि पाणी सोन्याइतकंच महाग झालं. सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळच्या मंडेरिंग धरणापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर पोलादी नळ टाकायची योजना आखली: वाटेत आठ पंपगृहं, दिवसाला दोन कोटी तीस लाख लिटर पाणी. टीकेने खचून त्याने मार्च १९०२ मध्ये जीव दिला. जानेवारी १९०३ मध्ये पाणी कलगुर्लीला पोचलं. नळ आजही चालू आहे. तो गव्हाच्या पट्ट्यातून जातो, वाटेतल्या गावांना आणि मेंढ्यांना पाणी देतो, पण त्या पाण्यावर गहू कुणी भिजवत नाही. का, ते हिशेबातच दिसतं. एक टन गहू पिकवायला ढोबळमानाने दहा लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे अख्खा नळ शेतात सोडला तरी दिवसाचा तेवीस टन गहू, एका मोठ्या ट्रकचा माल. सोन्याला ते पाणी परवडतं, शहराला परवडतं, गव्हाला परवडत नाही. कोणता प्रदेश काय होऊ शकतो हे त्याच्या मालाला पाण्याची कोणती किंमत झेपते यावर ठरतं, अभियंत्याच्या हिमतीवर नाही.

खनिजांचा प्रदेश तर पाण्याशी भांडतच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच पिलबराच्या हॅमर्सली डोंगररांगेत सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या लोहखनिजाचे थर आहेत. १९३८ ते १९६० निर्यातीवर बंदी होती, ती उठल्यावर बंदरं आणि रेल्वे बांधल्या गेल्या. अडीच किलोमीटर लांबीच्या गाड्या पोर्ट हेडलंड आणि डॅम्पियरला खनिज ओततात. पण शहरं तिथे वाढली नाहीत. कामगार पर्थहून विमानाने येतात, पाळी संपली की परत जातात. पैसा दगडात आहे, वस्ती पाण्याजवळ.   

पाऊस कमी म्हणून पीक गेलं, हे निदान त्याच वर्षी दिसतं. काही चुकांचं बिल पन्नास वर्षांनी येतं. मीठ ही त्यातली सर्वांत शिकवणारी.

समुद्रावरून येणारा पाऊस थोडंथोडं मीठ आणतो. ओल्या मुलखात ते नद्यांतून परत समुद्रात जातं. सपाट, कोरड्या मुलखात जात नाही. हजारो वर्षं जमिनीत मुरत राहतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्याखाली ते हेक्टरी शेकडो टनांच्या घरात आहे. मूळची झाडं खोल मुळांनी जवळजवळ सगळा पाऊस पिऊन घ्यायची, भूजलापर्यंत वर्षाला एक मिलिमीटरही पोचायचा नाही, आणि मीठ खालीच पडून राहायचं. झाडं तोडून गहू पेरला. गव्हाची मुळं उथळ, पीक वर्षातले सहा-सात महिनेच उभं. मुरणारं पाणी दहापट-वीसपट झालं, भूजलाची पातळी दरवर्षी थोडी थोडी वर सरकू लागली, वाटेतलं मीठ विरघळवत. पाणी जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आलं की पुढचं काम माती स्वतः करते: दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, ऊन पाणी नेतं, मीठ ठेवतं. आधी खोलगट भागात गहू पिवळा पडतो, मग तिथे काहीच उगवत नाही, मग पांढरा पापुद्रा दिसतो. तोवर वरच्या उतारावरची झाडं तोडून चाळीस वर्षं झालेली असतात. बहुतेक वेळा नुकसान एकाच्या शेतात आणि कारण दुसऱ्याच्या.

हे पहिल्यांदा शेतीखात्याने नाही, रेल्वेने ओळखलं. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या तळ्यांचं पाणी खारं होऊ लागलं, बॉयलर खराब होऊ लागले. रेल्वेचा अभियंता डब्ल्यू. ई. वुड याने १९२४ साली शोधनिबंध लिहून झाडतोड आणि मीठ यांचा संबंध स्पष्ट मांडला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६० च्या दशकात, पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारचं धोरण काय होतं? वर्षाला दहा लाख एकर नवी जमीन शेतीखाली आणायची. आज त्या राज्यात दहा लाख हेक्टरहून अधिक जमीन मिठाने बाधित आहे. गोयडरचा १८६५, वुडचा १९२४. माहिती नेहमीच आधी होती. ती कर्ज देणाऱ्याच्या आणि जमीन विकणाऱ्याच्या नियमात उतरली नाही, किंवा उतरली तर पहिल्या चांगल्या पावसात पुसली गेली.

जमिनीखालच्या पाण्याचंही तसंच. ग्रेट आर्टेशियन बेसिन हे दाबाखालच्या भूजलाचं खोरं खंडाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भागाखाली पसरलं आहे. पूर्वेच्या डोंगराळ भागात मुरलेलं पाणी वालुकाश्मातून वर्षाला एक ते पाच मीटर या गतीने सरकतं. नैर्ऋत्य टोकाचं पाणी दहा-वीस लाख वर्षांपूर्वीचं आहे. १८७८ मध्ये बर्कजवळ पहिली कूपनलिका खोदली आणि पाणी पंपाशिवाय उसळून वर आलं. मग शेकडो खोदल्या, उघड्याच ठेवल्या. कढत पाणी मातीच्या चरांतून मैलोगणती सोडायचं, वाटेत मेंढ्या प्यायच्या. चरात सोडलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक मुरून नाहीतर उडून जायचं. १९१५ च्या सुमारास एकूण उपसा कळसाला पोचला, नंतर दाब उतरत गेला आणि सुमारे एक तृतीयांश कूपनलिका वाहायच्याच थांबल्या. १९९९ पासून सरकारी कार्यक्रमाने तोंडाला झडप बसवणं, गंजलेलं आवरण बदलणं, चराऐवजी प्लास्टिकची नळी, टाकी आणि तरंगता कॉक असं काम हाती घेतलं. दाब काही ठिकाणी परत चढला. हा अपवाद मी मुद्दाम नोंदवतो: इथे उपाय स्वस्त होता आणि शेतकऱ्याचाही त्यात फायदा होता, म्हणून तो चालला.

आता मरे-डार्लिंग खोरं. दहा लाख साठ हजार चौरस किलोमीटर, खंडाचा सातवा हिस्सा. पडणाऱ्या पावसातला चौऱ्याण्णव टक्के परत हवेत जातो; दोन टक्के जमिनीत मुरतात, नद्यांना चार टक्के उरतात. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या माणसाला कल्पना यावी म्हणून सांगतो, मरेवरचं ह्यूम धरण सुमारे १०६ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आहे, उजनीपेक्षा थोडं लहान. शिवाय १९४९ ते १९७४ दरम्यान स्नोई योजनेने सोळा मोठी धरणं आणि १४५ किलोमीटर बोगदे खोदून समुद्राकडे जाणारं पाणी डोंगराच्या पश्चिमेला वळवलं.

या खोऱ्यातली शिकण्यासारखी गोष्ट धरणं नाहीत, पाण्याच्या हक्कांची प्रतवारी आहे. न्यू साउथ वेल्समध्ये सिंचनाचा परवाना ढोबळमानाने दोन दर्जांचा असतो: हमीचा आणि सर्वसाधारण. पाण्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्या दिवशी अधिकारी धरणातला साठा बघतात, त्यात पुढच्या महिन्यांत निदान किती पाणी येईल याचा कंजूष अंदाज मिळवतात, सरासरी आवक धरत नाहीत. त्यातून आधी गावं, जनावरं आणि नदीतली गळती-बाष्पीभवन वजा करतात, मग हमीचे परवाने. उरलं ते सर्वसाधारण परवान्यांना टक्क्यांत जाहीर होतं आणि पंधरवड्याला सुधारलं जातं. काही उरलं नाही तर शून्य. २०१८-१९ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मरे खोऱ्यात सर्वसाधारण परवान्यावर अख्खं वर्ष शून्य टक्के होते. आरडाओरडा झाला. पण शून्य का, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ज्याच्याकडे तो परवाना होता त्याने द्राक्षबाग लावलेली नव्हती.

कारण पीक परवान्याला जोडून येतं. बागेला, बदामाला दरवर्षी पाणी हवंच. बदामाला हेक्टरी एक कोटी वीस लाख लिटरच्या वर. असं पीक हमीच्या पाण्यावरच लावायचं, आणि ते महाग असतं. भात, कापूस ही वर्षायू पिकं. पाणी नसेल त्या वर्षी रान पडीक ठेवता येतं. २०००-०१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोळा लाख टनांच्या आसपास भात झाला. २००७-०८ मध्ये, दीर्घ दुष्काळाच्या ऐन भरात, वीस हजार टनांच्याही खाली. जगात फार थोडी पिकं अशी दुमडतात आणि पुन्हा उलगडतात. ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांनी ते बाजारात विकलं. त्या हंगामात दहा लाख लिटरचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. फुकट काहीच झालं नाही. डेनिलिक्विनची मोठी भातगिरणी २००७ च्या अखेरीस थांबली आणि तिथल्या कामगारांकडे विकायला पाण्याचा परवाना नव्हता.

ऑस्ट्रेलियाचं कौतुक इथे थांबवायला हवं. पाणी जमिनीपासून सुटं करून विकता येऊ लागल्यावर ते बदामाकडे वळलं, आणि बदामाची बाग दुष्काळात दुमडत नाही. लवचीक खोरं हळूहळू ताठर होतं आहे. ज्या मूळ रहिवाशांच्या नद्या, त्यांच्या नावावर परवान्यांतला एक टक्काही नाही. आणि डार्लिंगकाठचं मेनिंडी गाव. २०१८ चा डिसेंबर ते २०१९ चा जानेवारी, डार्लिंगवर काही लाख मासे मेले. नदी वाहत नव्हती, डोह उरले होते. उन्हाने वरचं पाणी तापलं, खालचं थंड राहिलं, दोन थर झाले. वरच्या थरात शेवाळ माजलं, खालच्या थरातला प्राणवायू मेलेल्या शेवाळाच्या कुजण्याने संपला. मग एका रात्री थंड वारा सुटला, वरचं पाणी गार होऊन खाली बुडालं, थर मिसळले आणि पूर्ण डोहातला प्राणवायू एकदम खाली गेला. कित्येक दशकं जगलेले मरे कॉड सकाळी पोट वर करून तरंगत होते. २०१२ च्या खोरे आराखड्याने नदीसाठी २,७५० गिगालिटर, म्हणजे सुमारे ९७ टीएमसी पाणी परत मिळवायचं ठरवलं होतं. तरी हे झालं. वाईट वर्षाच्या हिशेबात नदीची ओळ सगळ्यात शेवटी लिहिली गेली होती.

शिवाय रेषा जागेवर राहत नाही. पर्थच्या भागात १९७० नंतर पाऊस पंधरा-वीस टक्क्यांनी घटला, पण धरणांत येणारं पाणी चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेलं. कोरडी माती आधी स्वतःची तहान भागवते, ओढे नंतर वाहतात. पावसातली थोडी घट धरणात मोठी होऊन उतरते. २००६ पासून पर्थ समुद्राचं पाणी गोडं करून पितं. शहराला ते परवडतं. पुन्हा तोच ओकॉनरचा नळ.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. आपल्याकडेही रेषा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ मध्ये सुखटणकर समितीने अवर्षणप्रवण तालुके नक्की केले. गोयडरची रेषाही सुरुवातीला सवलत वाटण्यासाठीच होती, हे विसरू नये. सात वर्षांनी ती जमीन आणि उधारीच्या कायद्यात गेली. आपली यादी सवलतीपाशीच थांबली. तालुका अवर्षणप्रवण ठरला की निधी मिळतो; त्याच तालुक्यात साखर कारखाना, ऊसकर्ज आणि उपसा सिंचन यांना त्या यादीची आडकाठी होत नाही. कोरडा म्हणून नोंदलेला सोलापूर जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा झाला तो असा.

ऊस म्हणजे आळशाचं पीक, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, गिऱ्हाईक दारात आहे, गारपिटीने तो ज्वारीसारखा झोपत नाही. मोहोळच्या संशोधनातून आलेली मालदांडी ज्वारी याच काळ्या रानात, पाऊस संपल्यावर, जमिनीत साठलेल्या ओलीवर उभी राहते. तिचं शास्त्र गोयडरच्या झाडांइतकंच पक्कं आहे. पण तिला कारखान्यासारखं हमखास गिऱ्हाईक नाही. म्हणून उसावर बंदी घाला या मताचा मी नाही. बंदी पहिल्या चांगल्या पावसात उठते, १८७४ सारखी. माझी मागणी वेगळी आहे: पाण्याच्या हक्कांचे दर्जे करा, बारमाही पिकाला हमीचा, महाग दर्जा लावा, आणि हमीच्या दर्जाचं एकूण पाणी नोंदीतल्या सर्वांत वाईट वर्षी धरणात जेवढं आलं त्याच्या आतच वाटा. उरलेलं पाणी टक्क्यांत, वर्षायू पिकांना, आणि त्यांच्या खरेदीची हमी सरकारची. छोट्या शेतकऱ्याचा हमीचा हिस्सा विकत घेऊन मोठ्याने बाग लावू नये यासाठी विक्रीवर मर्यादाही हवी. बदामाचा धडा तोच आहे.

वाईट वर्षाचा नियम आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे २०१४ मध्ये ठरलं. २०२३ मध्ये त्यानुसार सुमारे साडेआठ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि नेहमीप्रमाणे भांडण न्यायालयात गेलं. त्याच पावसाळ्यात उजनी भरली नाही आणि उन्हाळ्याआधीच ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरलं. ११७ टीएमसीच्या त्या धरणात निम्म्याहून अधिक साठा मृत आहे, हे सोलापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. प्रत्येक आवर्तनाचा निर्णय तिथे कालवा सल्लागार समिती घेते, पण ती बसते तोवर रानात काय उभं आहे ते ठरून गेलेलं असतं. न्यू साउथ वेल्सच्या भातपट्ट्यातला, रिव्हरिनातला शेतकरी भात पेरतो ऑक्टोबरात आणि पाण्याचा पहिला टक्का त्याला १ जुलैला कळतो. आपल्याकडे आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या, उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. धरण किती भरलं हे १५ ऑक्टोबरला कळतं, तेव्हा ऊस गुडघाभर झालेला असतो.